भूल कोणती घ्यावी, आणि कर्करोग परत येण्याशी तिचा काय संबंध?

आरोग्य सदर : तुमचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही कर्करोगाच्या शस्त्रक्रियेची माहिती दिली होती. त्यावर मराठवाड्यातून आलेल्या पत्रांत एकच काळजी पुन्हा पुन्हा दिसली: भुलेमुळे प्रतिकारशक्ती ढासळते आणि रोग उलटतो का? निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत. उत्तरं भूलतज्ज्ञ आणि कर्करोग शल्यचिकित्सक यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : माझ्या पत्नीला डाव्या स्तनात गाठ आहे, तपासणीत कर्करोग निघाला. पंधरा दिवसांनी ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. मोबाइलवर एक मजकूर आला, त्यात लिहिलं होतं की नाकातोंडातून वायूची भूल दिली तर प्रतिकारशक्ती मरते आणि कॅन्सर परत येतो. शिरेतून प्रोपोफॉल दिलं तर येत नाही. आमच्या दवाखान्यात वायूचीच मशीन आहे. दुसरीकडे जावं का? (अंबड, जि. जालना)

उत्तर : जाऊ नका. मिळालेली तारीख सोडून दुसरीकडे नव्याने नंबर लावायचा, पुन्हा तपासण्या करायच्या, यात जे आठवडे जातील त्यांचं नुकसान भुलेच्या औषधातल्या फरकापेक्षा मोठं आहे.

तुमच्याकडे आलेल्या मजकुरात अर्धं खरं आहे, म्हणून तर तो पटतो. चिरा पडला की शरीर त्याला मोठी इजा समजतं. कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनॅलिन ही ताणाची संप्रेरकं रक्तात वाढतात, जखमेच्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची दाहाची रसायनं तयार होतात. या सगळ्याच्या परिणामी ‘नॅचरल किलर’ नावाच्या पांढऱ्या पेशी काही दिवस मंदावतात. विषाणूची लागण झालेल्या आणि कर्करोगी झालेल्या पेशी मारणं हे या पेशींचं काम. गाठ काढताना थोड्या कर्करोगी पेशी रक्तात सुटू शकतात, आणि नेमके त्याच वेळी पहारेकरी पेंगलेले असतात, अशी ती भीती आहे. ती शास्त्रज्ञांनाही होती, अजूनही आहे.

पुढचा भाग प्रयोगशाळेतला. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन या वायूंमुळे काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगी पेशींना तग धरायला मदत करणारी काही प्रथिनं वाढतात, आणि नॅचरल किलर पेशींचा मारा कमी होतो, असं काही प्रयोगांत दिसलं. प्रोपोफॉलने उलट, म्हणजे चांगलं, चित्र दाखवलं. मग जुन्या नोंदी चाळल्या गेल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात कर्करोगाच्या सात हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तर वायूची भूल घेतलेल्यांत मृत्यू जास्त आढळले. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुराचं मूळ बहुतेक अशाच अभ्यासांत असतं.

जुन्या नोंदींची अडचण अशी की कोणाला कोणती भूल द्यायची हे आधीच कोणीतरी, कशावरून तरी ठरवलेलं असतं. कोणत्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, कोणत्या वर्षी केलं, रुग्ण किती थकलेला होता, घाईचं ऑपरेशन होतं का, यावर भूल ठरते आणि रुग्णाचं पुढचं आयुष्यही त्यावरच ठरतं. दोष मात्र भुलेच्या नावावर पडतो. गणिताने यातला काही भाग वजा करता येतो, सगळा नाही.

खरी परीक्षा म्हणजे चिठ्ठी टाकावी तसं रुग्णांना दोन गटांत वाटायचं आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा करायचा. स्तनाच्या कर्करोगात ती परीक्षा झाली. १३ रुग्णालयांतल्या २,१०८ स्त्रियांचा निकाल २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. एका गटाला मणक्याशेजारी नस बधिर करण्याचं इंजेक्शन आणि प्रोपोफॉल दिलं. दुसऱ्या गटाला सेव्होफ्लुरेन वायू आणि अफूवर्गीय वेदनाशामकं. रोग परत येण्याचं प्रमाण दोन्ही गटांत १० टक्के. पुढे प्रोपोफॉल विरुद्ध सेव्होफ्लुरेन अशी थेट तुलना करणाऱ्या चाचण्यांतही, स्तनाच्या कर्करोगात असो की वयस्कर रुग्णांच्या मोठ्या ऑपरेशनांत असो, आयुष्यमानात फरक निघाला नाही. बशीतल्या पेशी आणि माणूस यांच्यात इतकं अंतर पडतं.

याच ‘लॅन्सेट’च्या अभ्यासातली दुसरी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनीही दोन्ही गटांतल्या निम्म्याहून थोड्या अधिक स्त्रियांना टाक्याच्या जागी दुखत होतं. तेव्हा तुमच्या पत्नीला पुढे छातीत किंवा काखेत चमका आल्या, जळजळ झाली, तर लगेच ‘रोग उलटला’ म्हणून घाबरू नका. तपासणीला मात्र सांगा, त्या दुखण्यावर वेगळी औषधं आहेत.

शिरेतून पूर्ण भूल देण्याला स्वतःच्या अडचणी आहेत, त्याही माहीत असाव्यात. ६० किलो वजनाच्या रुग्णाला १ टक्का प्रोपोफॉल तासाला साधारण ३५ ते ४० मिलिलिटर लागतं. म्हणजे पंपावरची ५० मिलिलिटरची सिरिंज सव्वा-दीड तासात बदलावी लागते. वायूची भूल असली की प्रत्येक श्वासागणिक किती वायू बाहेर येतो ते पडद्यावर दिसतं. शिरेतलं औषध नेमकं किती पोचलं हे तसं दिसत नाही. हातावरची सुई चादरीखाली सरकली आणि औषध शिरेऐवजी कातडीखाली गेलं, तर स्नायू ढिले करणाऱ्या औषधाने रुग्ण हलू शकत नाही, पण आतून जागा होऊ शकतो. म्हणून सुईची जागा उघडी, डोळ्यांसमोर ठेवावी लागते, पंप चालू आहे याची खात्री करत राहावं लागतं आणि कपाळावर पट्टी चिकटवून मेंदूच्या लहरी पाहाव्या लागतात. ही साधनं आणि सवय जिथे आहे तिथे ही भूल उत्तम. जिथे नाही, तिथे रोजच्या हातातली वायूची भूल जास्त सुरक्षित, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रोपोफॉलचा नक्की फायदा एका ठिकाणी आहे: नंतरची मळमळ आणि उलटी कमी होते. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर स्त्रियांना हा त्रास बराच होतो. तुमच्या पत्नीला एसटीत गाडी लागत असेल किंवा आधीच्या ऑपरेशननंतर फार उलट्या झाल्या असतील, तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. त्यावर डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा एक डोस देतात. ‘स्टेरॉइड म्हणजे प्रतिकारशक्ती गेली’ अशी शंका तिथेही येईल. ८ मिलिग्रॅमच्या एका डोसाने जखमेतला जंतुसंसर्ग वाढत नाही, हे आठ हजारांवर रुग्णांच्या चाचणीत तपासलेलं आहे.

प्रश्न : टाटा रुग्णालयाने गाठीभोवती द्यायचं एक स्वस्त इंजेक्शन शोधलं आहे म्हणे, त्याने कॅन्सर परत येत नाही. ते आमच्याकडे मिळेल का? माझ्या मावशीच्या गाठीसाठी सध्या किमो चालू आहे, मग ऑपरेशन आहे. (अहमदपूर, जि. लातूर)

उत्तर : ‘परत येत नाही’ हे चूक, ‘परत येण्याचं प्रमाण कमी झालं’ हे बरोबर. औषध नवं नाही. दात काढताना हिरडीत देतात तेच लिग्नोकेन. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांवर ही चाचणी झाली आणि निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १,६०० स्त्रियांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीच्या चारी बाजूंनी, वरून आणि खालून ०.५ टक्का लिग्नोकेन टोचलं, उरलेल्यांना नाही. पाच वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शनवाल्यांत ८६.६ टक्के, इतरांत ८२.६ टक्के. जिवंत असलेल्यांचं प्रमाण ९०.१ विरुद्ध ८६.४ टक्के. शंभरात चारचा फरक लहान वाटेल, पण इतक्या साध्या उपायाने तो मिळणं ही मोठी गोष्ट आहे. याच पद्धतीची दुसरी मोठी चाचणी होऊन तेच उत्तर यावं, असं म्हणणारे तज्ज्ञही आहेत, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे.

तुमच्या मावशींच्या बाबतीत मुद्दा वेगळा. ही चाचणी सुरुवातीच्या टप्प्यातल्या, आधी किमो न घेता थेट शस्त्रक्रिया होणाऱ्या स्त्रियांवर झाली. मराठवाड्यात बऱ्याच बायका गाठ मोठी झाल्यावरच येतात, त्यांना आधी किमो द्यावी लागते. त्यांना हाच फायदा होतो असं या चाचणीवरून म्हणता येत नाही. तरीही शल्यचिकित्सकांना विचारायला हरकत नाही. इंजेक्शन शल्यचिकित्सकच देतात आणि त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही.

देताना चूक होते ती मोजमापात. बाटली बहुतेक वेळा २ टक्क्यांची असते. ०.५ टक्का करायचं तर एक भाग औषध आणि तीन भाग सलाइन. लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे साधारण ४.५ मिलिग्रॅम. म्हणजे ५० किलोच्या बाईला २२५ मिलिग्रॅम, आणि ०.५ टक्क्याच्या द्रावणात एका मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असल्याने एकूण ४५ मिलिलिटर. तेच पातळ न करता २ टक्क्यांचं ४५ मिलिलिटर गेलं तर मात्रा चौपट होते. जाग्या माणसाला औषध जास्त झालं की ओठांभोवती बधिरपणा येतो, तोंडात धातूची चव येते, कानात गुणगुणतं, मग झटके येतात. पूर्ण भुलेतल्या रुग्णाला यातलं काही सांगता येत नाही, थेट हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून टोचण्याआधी दर वेळी सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहायचं, आणि २० टक्के स्निग्ध द्रावणाची बाटली खोलीतच ठेवायची. विषबाधेवर ते किलोमागे १.५ मिलिलिटर लगेच देतात.

यावरून ‘मग लिग्नोकेन शिरेतून द्या, सगळ्याच कर्करोगांना’ असं कोणी सुचवेल. स्वादुपिंडाच्या कर्करोगात तसं करून पाहिलं, आयुष्य वाढलं नाही.

प्रश्न : वडिलांच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन आहे. वय ६८. भूलतज्ज्ञ म्हणाले पाठीत बारीक नळी टाकू. त्याने कायमची कंबरदुखी लागते का? कॅन्सरसाठी ती चांगली की वाईट? (सेलू, जि. परभणी)

उत्तर : कर्करोगासाठी ना चांगली ना वाईट. पोट आणि छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियांत पूर्ण भुलेसोबत ही नळी टाकलेले आणि न टाकलेले वयस्कर रुग्ण काही वर्षं पाहिले, आयुष्यात फरक पडला नाही. नळी दुखण्यासाठी घ्यायची. पोटाला मोठा चिरा असला की माणूस दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साठतो, न्यूमोनिया होतो. नळीतून दोन-तीन दिवस औषध चालू राहिलं की खोकता येतं, उठून बसता येतं. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होणार असेल तर नळीची गरज बरीच कमी होते, तेही विचारा.

टोचल्या जागी काही दिवस दुखेल. कायमची कंबरदुखी लागत नाही. खरी काळजी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची. वडील क्लोपिडोग्रेल घेत असतील तर ती ५ ते ७ दिवस आधी थांबवावी लागते, नाहीतर मणक्यात रक्ताची गाठ होऊन पाय लुळे पडू शकतात. पण हृदयात स्टेंट असेल तर ती गोळी स्वतःच्या मनाने बंद केल्यास स्टेंट बंद पडू शकतो. तेव्हा गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून तपासणीला न्या आणि निर्णय डॉक्टरांवर सोडा. नळी असताना पाय थोडे जड वाटतील, ते चालतं. पण एखादा पाय आधी हलत होता आणि आता हलेनासा झाला, किंवा पाठीत एकदम जोराची कळ आली, तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता त्याच क्षणी नर्सना बोलवा.

प्रश्न : आईला जठराचा कॅन्सर. हिमोग्लोबिन ७.८ आहे. आम्ही तिघं भाऊ रक्त द्यायला तयार आहोत, पण डॉक्टर आधी लोहाचं इंजेक्शन देऊ म्हणतात. रक्त दिलं तर ताकद लगेच येणार नाही का? (गेवराई, जि. बीड)

उत्तर : डॉक्टरांचं बरोबर आहे, आणि प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने हा प्रश्न भुलेपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. दुसऱ्याचं रक्त शरीरात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती काही काळ नरमते. एकेकाळी मूत्रपिंड बसवण्याआधी मुद्दाम रक्त देत, कारण नवं मूत्रपिंड शरीर कमी नाकारायचं. कर्करोगात हेच नको असतं. आतड्याच्या कर्करोगाच्या अनेक अभ्यासांत रक्त चढवलेल्यांना रोग परत येण्याचं प्रमाण जास्त दिसलं आहे. जास्त आजारी माणसालाच जास्त रक्त लागतं हा घोळ इथेही आहे, पण जंतुसंसर्ग वाढण्याचा मुद्दा त्यावेगळा, भक्कम आहे.

म्हणून नियम असा: जीव वाचवायला रक्त लागलं तर एका क्षणाचाही विचार नको. नुसता आकडा वाढवायला नको. रक्तस्राव थांबलेला असेल, छातीत दुखत नसेल, धाप लागत नसेल, तर साधारण ७ ते ८ च्या खाली गेल्याशिवाय बहुतेक ठिकाणी रक्त देत नाहीत. एका पिशवीने हिमोग्लोबिन जेमतेम १ ग्रॅमने वाढतं. शिरेतून दिलेलं लोह दोन ते चार आठवड्यांत काम दाखवतं. फेरिक कार्बॉक्सिमॉल्टोज हे शिरेतून द्यायचं लोह वजनानुसार एका वेळी १,००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं. जठराच्या रोगात गोळ्यांतलं लोह नीट शोषलं जात नाही आणि पोटही बिघडतं, म्हणून इंजेक्शन. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लोह देऊन मात्र काहीच साधत नाही, ते आजच सुरू करायला हवं.

आणि एक महत्त्वाचं. सख्ख्या मुलांचं रक्त आईला थेट देऊ नये. मुलांच्या पांढऱ्या पेशी आईच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्या तिथे टिकतात आणि उलट आईच्याच शरीरावर हल्ला चढवू शकतात. हा प्रकार दुर्मिळ आहे, पण झाला तर बहुधा जीव घेतो. ते टाळायला रक्ताला किरणोत्सार द्यावा लागतो. तुम्ही तिघं भाऊ रक्तपेढीत बदली रक्त द्या, आईला दुसऱ्याची पिशवी मिळू द्या.

प्रश्न : वडील तीस वर्षं तंबाखू-गुटखा खातात. गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला. तोंड नीट उघडत नाही. पूर्ण भूल नको, कमरेत इंजेक्शन देऊन करा म्हणतात. शिवाय ते फार वाळलेत. (वसमत, जि. हिंगोली)

उत्तर : कमरेतल्या इंजेक्शनाने बेंबीच्या आसपास आणि त्याखालचा भाग बधिर होतो, गाल नाही. तोंडाच्या शस्त्रक्रियेला पूर्ण भूल लागतेच.

तोंड उघडत नाही ही गोष्ट तारीख घ्यायच्या दिवशीच सांगा, ऑपरेशनच्या सकाळी नको. घरी बघायचं तर वडिलांनी स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये घालून पाहावीत. दोन किंवा कमी जात असतील तर नेहमीसारखी तोंडातून श्वासनळी टाकणं अवघड किंवा अशक्य. अशा वेळी रुग्ण जागा असतानाच नाक आणि घसा औषधाने बधिर करून, दुर्बिणीवर चढवलेली नळी नाकातून आत सरकवतात. ठसका येतो, दुखत नाही. त्यांना आधीच हे सांगून ठेवलं तर ते शांत राहतात आणि काम पाच-दहा मिनिटांत होतं. न सांगता आत नेलं तर घाबरून हात झटकतात, आणि सगळं बिघडतं. कधी कधी गळ्याला छिद्र करून नळी बसवावी लागते, तिची संमतीही आधीच घेतात. दुर्बीण आणि तिचा सराव सगळीकडे नसतो. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात असे रुग्ण नेहमीचे आहेत.

गुटखा आजच बंद. जखम नीट भरायला चार आठवडे तंबाखूविना जायला हवेत, पण त्यासाठी कर्करोगाचं ऑपरेशन पुढे ढकलायचं नाही. बिडीही ओढत असतील तर एका दिवसात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो, तेवढाही फायदा आहेच.

वाळले आहेत, ही खरी अडचण. उपाशी शरीर प्रतिकाराच्या पेशी बनवू शकत नाही, मग कोणतीही भूल द्या. घरोघरी अशा रुग्णाला भाताची पेज आणि वरणाचं पाणी देतात. त्यात पाणीच जास्त. किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात ६, पाव लिटर दुधात ८, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत २५ ग्रॅमच्या आसपास. शेंगदाणे भाजून बारीक कूट करून दुधात मिक्सरला फिरवा, शिजवलेलं अंडं वरणात घोटा, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून गाळून द्या. तरी गिळता येत नसेल तर नाकातून नळी टाकून घ्यायला लाजू नका. फार वाळलेल्या माणसाला ७ ते १४ दिवस असं जेवण देऊन मग शस्त्रक्रिया केलेली बरी. पण बरेच दिवस जवळपास उपाशी असलेल्याला पहिल्याच दिवशी भरभरून दिलं तर रक्तातले क्षार घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सुरुवात निम्म्यापासून करा.

प्रश्न : काकूंचं ऑपरेशन झाल्यावर त्या थंडीने कुडकुडत होत्या, दात वाजत होते. बाहेर मे महिन्याचं ऊन. भूल जास्त झाली होती का? (कंधार, जि. नांदेड)

उत्तर : भूल जास्त झाली नव्हती, अंग थंड पडलं होतं. बाहेर पारा ४२ वर असताना थंडीचा विचार कोणाच्या मनात येत नाही. पण ऑपरेशनच्या खोलीत वातानुकूलन असतं, पोट उघडं, सलाइन गार, आणि भुलेत शरीराची ऊब राखण्याची यंत्रणा बंद पडलेली. तासाभरात तापमान अंशाभराने सहज उतरतं. आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांवर १९९६ साली झालेली चाचणी आजही शिकवतात. ऊबदार ठेवलेल्यांचं तापमान सरासरी ३६.६ अंश, न ठेवलेल्यांचं ३४.७. जखमेत पू झाला तो पहिल्या गटात ६ टक्क्यांना, दुसऱ्यात १९ टक्क्यांना. थंडीने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला प्राणवायू कमी पोचतो आणि जंतू मारणाऱ्या पेशी तिथे अडखळतात. भुलेच्या वायूवरून वाद घालणाऱ्यांनी आधी गरम हवेचं पांघरूण चालू आहे का ते पाहावं. नातेवाइकांनी एवढंच करावं: आत नेण्याआधी अर्धा तास रुग्णाला ब्लँकेट आणि पायमोज्यांत ठेवावं, ‘उकडतंय’ म्हणून ओला कपडा ठेवून पंख्याखाली झोपवू नये.

प्रश्न : मॉर्फिनने प्रतिकारशक्ती कमी होते म्हणून भाऊ गोळी घेत नाही, कण्हत पडून असतो. (परळी, जि. बीड)

उत्तर : घ्यायला सांगा. मॉर्फिन हे अफूवर्गीय वेदनाशामक नॅचरल किलर पेशींना मंदावतं असं प्रयोगांत दिसतं. न शमलेली वेदनाही तेच करते, वर झोप आणि भूक घालवते. वर सांगितलेल्या २०१९ च्या अभ्यासात एका गटाला अफूवर्गीय औषधं बरीच कमी लागली, तरी रोग परत येण्यात फरक नव्हता. सोबत पॅरासिटामॉल नियमित वेळेला चालू असलं की मॉर्फिन कमी लागतं. पॅरासिटामॉल दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नको, ५० किलोपेक्षा वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहून कमी. मॉर्फिन सुरू झालं त्याच दिवशी पोट साफ होण्याचं औषधही सुरू करा, आणि हळू सुटणारी गोळी कधीही कुटून देऊ नका.

प्रश्न : ऑपरेशनआधी प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेल, अश्वगंधा, लसणाच्या गोळ्या चालू ठेवाव्यात का? (उमरगा, जि. धाराशिव)

उत्तर : नको. गुळवेलीने यकृताला सूज आल्याच्या नोंदी भारतातल्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत. लसणाच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, अश्वगंधेने गुंगी. एक-दोन आठवडे आधी सगळं थांबवा आणि घेत होतात हे भूलतज्ज्ञांना लपवू नका. भाजीतल्या लसणाला हरकत नाही.

प्रश्न : योजनेतून ऑपरेशन होणार आहे. उपाशी किती वेळ राहायचं? आणि भुलेसाठी वेगळे पैसे मागितले तर? (औसा, जि. लातूर)

उत्तर : जेवण, दूध आणि दुधाचा चहा सहा तास आधी बंद. चहा पातळ आहे म्हणून तो पाण्यात मोजू नका. साधं पाणी, कोरा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. रात्री दहापासून दुसऱ्या दुपारपर्यंत घोटभर पाणीही न देणं हा जुना अतिरेक आहे, त्याने शरीरावरचा ताण आणि साखर दोन्ही वाढतात. यादीत आपला कितवा नंबर आहे ते विचारून घ्या. मधुमेह असेल तर साखर १८० च्या आत हवी, आणि नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेली गोळी तीन-चार दिवस आधी थांबवावी लागते, डॉक्टरांना विचारून. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या पॅकेजात भुलेचा खर्च धरलेला असतो. वेगळे मागितले तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांकडे जा.

प्रश्न : आतड्याचं ऑपरेशन नीट झालं, टाके निघाले. पेरणी आटोपून किमोला गेलं तर चालेल का? (भोकरदन, जि. जालना)

उत्तर : पेरणी दुसऱ्याकडून करून घ्या. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात किमो लागणार असेल तर ती शस्त्रक्रियेपासून आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी. स्तनाच्या कर्करोगात साधारण चार ते सहा आठवड्यांत, तीन महिन्यांच्या पुढे नकोच. किमो लागणार की नाही हे काढलेल्या भागाच्या तपासणीच्या अहवालावर ठरतं. तो दवाखान्यात येऊन पडलेला असतो आणि रुग्ण गावी असतो, उशीर बहुधा इथेच होतो. टाके काढले त्या दिवशी अहवाल मिळाला नसेल तर आज फोन करा, आणि तो घेऊन याच आठवड्यात किमोच्या डॉक्टरांना दाखवा.